ओळ दोनशे चौदा

अजमानच्या खाडीकाठी, बोटींच्या सुट्या भागांच्या दुकानात,
पोटमाळ्यावरच्या कॉम्प्युटरात एक हिशोब राहतो:
पंप, प्रोपेलर, दोरखंड, नांगर.
पीएचपीत लिहिलेला. साजी कुरियनने, दोन हजार सातमध्ये.
गेल्या महिन्यात साजी कोट्टायमला कायमचा गेला,
जाताना पाना द्यावा तसा पासवर्ड हातात देऊन:
लेकीचं नाव, पुढे जन्मसाल.

अरबाब म्हणाला, परकार, तू शिकून घे.
दोनशे दिरहम जास्त.
मी स्टोअरकीपर. वय त्रेचाळीस. व्हिसा मार्चपर्यंत.

पुण्याहून भाचा म्हणतो, मामू, कशाला?
आता ती कोण शिकतंय? पायथन घे,
नाहीतर काहीच घेऊ नकोस.
शेवटचं वाक्य तो जरा हळू बोलला,
पण फोनवर हळू बोललेलंच नीट ऐकू येतं.

त्याचं खोटं नाही.
शुक्रवारी रात्री वहीत दोन रकाने पाडले.
एक भरत गेला, दुसरा कोराच राहिला.
कोणता, ते सांगत नाही.

मग उघडून तर पाहू, म्हणून उघडली.

आधी हसूच आलं.
इथे प्रत्येक नावाआधी डॉलर लावावा लागतो.
डॉलर-पंप, डॉलर-दोर, डॉलर-गिऱ्हाईक.
नुसतं नाव घेतलं तर ही भाषा ओळख देत नाही.
पंधरा वर्षं आखातात काढली,
एवढं व्याकरण मला येतच होतं.

ओळ संपली की अर्धविराम.
पूर्णविरामही आहे, पण तो थांबायला नाही,
तुटके दोन तुकडे जोडायला वापरतात.
हे वाचलं आणि उठून चहा ठेवला.

एका रात्री चूक आली, ओळ दोनशे चौदा.
चुकीत एक शब्द, लांबलचक,
इंग्रजी नाही, अरबी नाही.
खालच्या मजल्यावरच्या फुआदला दाखवला.
हे तर हिब्रू, तो म्हणाला, आणि दाराकडे बघून हसला.
अर्थ निघाला: टिंबांची जोडी, दुहेरी.
म्हणजे चार टिंबं.
आपल्याकडे दुःखात दोनच असतात,
तीही लोक लिहायची विसरतात.

साजीने मधेमधे शेरे सोडलेत.
यंत्र ते वाचत नाही. मागून येणाऱ्यासाठी असतात.
'हात लावू नये. ईदची गर्दी.'
'हे का चालतं माहीत नाही. चालतंय.'
'आज अम्मा गेली. उरलेलं उद्या.'
त्याखालच्या कामावर तारीख आहे
नऊ दिवसांनंतरची.

मग बंदर अब्बासच्या नाखव्याला
एकच पंप बिलात दोनदा लागायला लागला.
तो काउंटरवर मूठ आपटायचा, मी वर पळायचो.
अकरा रात्री शोधलं.
अटीच्या शेपटीला एक अर्धविराम चिकटला होता,
त्यामुळे अट असून नसल्यासारखी.
तो मीच लावला होता, पहिल्याच आठवड्यात,
कुठे राहायला नको म्हणून.
काढला. नाखव्याने बिल दोनदा वाचलं,
काही न बोलता घडी करून खिशात घातलं.

भाचा अजून विचारतो, काय ठरवलंस?
समोर धक्क्यावर लाकडी गलबतात
फ्रिज चढवताहेत, वर टायर, त्यावर बटाट्याची पोती.
त्यावरून एक उत्तर सुचतं,
पण ते अरबाबच्या सोयीचं आहे, म्हणून देत नाही.

काल साजीच्या शेऱ्याखाली मी माझा लिहिला,
पहिल्यांदाच, मराठीत:
'इथवर समजलं. परकार, दाभोळ.'
सेव्ह केला, दिवा मालवला.

सकाळी बघतो तर जुन्या फाइलीला देवनागरी झेपलेली नाही.
अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं, ओळीने,
मधले पूर्णविराम आणि एक स्वल्पविराम
तेवढे शाबूत.

पुसणार होतो.
खालून कुणीतरी दोरखंडाचा भाव विचारला.